खिडकीबाहेर टांगलेले बॉक्स

सूर्यभानवर लिहायला चेतननं मलाच का सांगितलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. चेतन हा आमच्या मिरजगावातल्या उत्तमरावांचा मुलगा. आता मंगल कार्यालय तोच बघतो, आणि कार्यालयाच्या जुन्या माणसांवर एक लहानशी पुस्तिका काढायचं त्याच्या मनात आहे. मी त्याला म्हणालो, "अरे, मला त्याची काय माहिती असणार?" तर म्हणाला, "काका, तुम्ही दोघं कायम बरोबर असायचात."

बरोबर असायचो हे खरं. पण सूर्यभान पाथर्डीकडून इकडं का आला, आला तेव्हा त्याच्यामागं कोण होतं, त्याचं लग्न झालं होतं की नव्हतं, यातलं मला काही माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही. त्याच्या गावाचं नावसुद्धा मला कळलं ते त्याच्या दहाव्याला जाताना, कारण जीपवाल्याला कुठं उतरायचं ते सांगावं लागलं. त्याला ओळखणारे आचारी होते, मंडपवाले होते, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाया होत्या. मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट पक्की माहीत आहे. त्याचं कुणी कौतुक केलं की मला घास गिळवत नसे.

मी नगरच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि स्टँडच्या रस्त्याला दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच्या जोडीला लग्नाकार्याला भाड्यानं द्यायला एक स्पीकर सेट घेतला. एक मशीन, म्हणजे अँप्लिफायर, दोन कर्णे आणि माईक. माझा सेट कधी मधेच बंद पडला नाही. त्यातून कधी शिट्टी वाजली नाही. वायर अशी नेत असे की कुणाच्या पायात येऊ नये. काम झालं की गुंडाळून दुकानात आणून ठेवायचो आणि घरी जायचो. लोक चांगलं म्हणत असतील असं मला वाटायचं. कुणी तोंडावर म्हणाल्याचं मात्र आठवत नाही.

मग सूर्यभान आला. कुठल्या तरी मंडपवाल्याच्या ट्रकवर खांब उतरवायला आला आणि इथंच राहिला. कुणाचा तरी जुना सेट त्यानं घेतला. त्याच्या मशीनमधून सारखी गुणगुण यायची, माईक दोरीनं बांधलेला असायचा, आणि कर्ण्याला एका बाजूनं पोचा होता. तरी माणसं त्याच्याकडं जायला लागली.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती. कर्णे बांधून गाणं लावलं की तो मांडवात थांबत नसे. रस्ता धरून चालत सुटायचा. वस्त्या, शेतं ओलांडत, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत जायचा आणि परत येऊन यजमानाला सांगायचा, "भाऊ, ओढ्याच्या पल्याडच्या वस्तीवर म्हातारी म्हनली, कुनाचं लगीन हाय रं? तिला तुमचंच नाव सांगितलं." यजमानाची छाती फुगायची. मी एकदा त्याला म्हणालो होतो की मांडवात बसलेल्यांना भाषण नीट ऐकू येत नाही, कर्णे जरा आत वळव. तो म्हणाला, "मांडवात आलेल्याला कशाला आवाज पायजे? त्याला दिसतंय की समदं. सपीकर हाय तो न आलेल्यासाठी."

त्याला असं काही बोलायला लगेच सुचायचं. मला दुसऱ्या दिवशी सुचतं.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला. तिथल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला सेट कायम माझाच असे. घरचं काम म्हणून मी आधी आठवडाभर मशीन उघडून साफ करायचो. एक वर्षी वस्तीतली पोरं दुकानात आली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली. शेवटी त्यातला एक म्हणाला, "काका, यंदा सूर्यभानचा सेट सांगितलाय. तुमचा आवाज लई गोड हाय, पन वस्तीतच फिरतो. गावात जात न्हाई."

मी म्हणालो, "बरं."

जयंतीच्या दिवशी तो कर्णे बांधायला आला तो थेट माझ्या घरी चहाला. मालनबाईनं, माझ्या पत्नीनं, त्याला बसायला पाट दिला. तो म्हणाला, "वैनी, मपलं मशीन कुनकुन करतंय. ह्येला म्हनावं हात लाव एकदा. ह्येनं हात लावला की मशीन गप बसतं, ह्येच्यासारखंच." मालनबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की चहा उतू गेला. तो गेल्यावर मी म्हणालो, "एवढं हसायला काय झालं?"

"अवं, खरंच बोलला त्यो," ती म्हणाली.

मी त्याच्या मशीनला हात लावला. अर्थिंगची वायर सुटली होती, ती जोडून दिली. त्या दिवशी वस्तीतून निघालेली भाषणं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेली, आणि सगळे सूर्यभानला म्हणाले, काय आवाज आहे गड्या तुझा.

आता उत्तमरावांच्या कार्यालयाबद्दल लिहितो, कारण चेतनला तेच हवं असणार.

नव्वदीच्या शेवटाला उत्तमरावांनी हायवेलगत कार्यालय बांधलं. मिरजगावात तेव्हा लग्नं दारात नाहीतर शाळेच्या पटांगणात लागत. पक्कं छत, फरशी, नवरानवरीसाठी सिमेंटचा मंच, मागं स्वयंपाकाची शेड, असं काही आमच्याकडं नव्हतं. पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं, शुभांगीचं, ठरलं. चेतन तेव्हा पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यानं बहिणीच्या लग्नासाठी आणि कार्यालयाला भेट म्हणून पुण्याहून पाच स्पीकर बॉक्सचा सराउंड साउंडचा सेट घेतला.

उत्तमरावांनी आम्हां दोघांनाही बोलावलं. ते खुर्चीत बसले होते, आम्ही उभे.

"हे बघा," ते म्हणाले, "आता कार्यालयात भाड्याचे कर्णे न्हाई बांधायचे. आपला सेट हाय. तो बघायला कायमचा एक माणूस लागंल. शुभांगीच्या लग्नाला तुम्ही दोघं मिळून करा. मग मी ठरवतो कुणाला ठेवायचं."

सूर्यभान म्हणाला, "भाऊ, दोघांना ठेवा. एक इसरला तर दुसरा हाय."

"दोन नवरे एका मांडवात उभे करत न्हाईत," उत्तमराव म्हणाले, आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. कार्यालयाचं काम मला हवं होतं. इतकं दुसरं काही मला कधी हवं होतं असं वाटत नाही. गावात मला सहादेव म्हणून ओळखणारे थोडे होते. बाकीच्यांना मी रेडिओवाला. कार्यालयाच्या मंचाजवळ नव्या सेटपाशी बसलेला माणूस पंचक्रोशीला दिसणार होता, आणि त्याला काही बोलावं लागणार नव्हतं. शिवाय ते काम कर्णे बांधण्याचं नव्हतं, समजून करायचं होतं. इथं तरी सूर्यभान मागं राहील, असं मी मनाशी धरलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चेतन सेट घेऊन आला, आणि त्याच्या खांद्याला एक काळी बॅग होती. त्यातून त्यानं लॅपटॉप काढला. मी लॅपटॉप तोपर्यंत वर्तमानपत्रातल्या चित्रातच पाहिला होता. त्यानं झाकण उघडलं तशी आचाऱ्याची माणसंसुद्धा हात पुसत बघायला आली. सूर्यभान म्हणाला, "ह्यो तर पेटीवानी उघडतोय. भाता कुठं हाय?"

चेतननं पुण्याच्या मित्रांकडून सनईसह मंगलाष्टकं गाऊन घेतली होती. त्यात दोन्ही घराण्यांची नावं गुंफली होती. ती सगळी त्या लॅपटॉपमध्ये होती. भटजींनी अंतरपाट धरायचा आणि मंगलाष्टकं लॅपटॉपनं म्हणायची, असा बेत होता.

पण जोडायला गेल्यावर जुळेना. सेटच्या मशीनला मागं लाल आणि पांढरी अशी दोन भोकं होती आणि लॅपटॉपला कानात घालायच्या हेडफोनचं एकच बारीक भोक. सेटबरोबर आलेली वायर टीव्हीसाठीची, दोन्ही टोकांना लाल-पांढरी. मधली वायर चेतन पुण्यात विसरला होता. नगरला जाऊन आणावी तर घरात लग्न, गाडी रिकामी नाही.

"आता कसं करायचं, काका?" चेतननं विचारलं. त्यानं मला विचारलं, सूर्यभानला नाही, हे मी तेव्हाच मनात नोंदलं.

मी दुकानात गेलो. एका जुन्या वॉकमनचा हेडफोन होता, त्याची पिन वायरीसकट कापली. बंद पडलेल्या व्हीसीआरच्या वायरीची लाल-पांढरी टोकं घेतली. हेडफोनच्या आतल्या तारा केसासारख्या असतात आणि त्यांच्यावर रंगाचा थर असतो. तो काडीनं जाळल्याशिवाय सोल्डर बसत नाही. दोनदा तार जळून गेली. तिसऱ्यांदा बसली. वर चिकटपट्टी गुंडाळून मी कार्यालयात आलो, पिन लॅपटॉपमध्ये घातली, टोकं मशीनला लावली, आणि मंचावरच्या तीन बॉक्समधून सनई निघाली.

चेतन म्हणाला, "वा."

तेवढ्यात सूर्यभाननं दोन्ही हात वर करून आख्ख्या कार्यालयाला सांगितलं, "बघा रं, सहादेवानं जोडलं. पुन्यात न्हाई झालं ते मिरजगावात झालं." सगळे आमच्याकडं आले. आचाऱ्यानं सूर्यभानच्या पाठीवर थाप मारली. मंडपवाल्यानं त्याला तंबाखू दिली. उत्तमराव लांबून म्हणाले, "झालं का रं सूर्यभान? शाब्बास." तो माझ्याकडं बोट दाखवत होता आणि माणसं त्याच्याकडं बघत होती. त्यानं बोट दाखवलं नसतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

मागचे दोन बॉक्स राहिले होते. त्यांची वायर कार्यालयाच्या मागच्या भिंतीपर्यंत पुरेना. सूर्यभान म्हणाला, "ते मपल्याकडं लागलं. वायर वाढवून सकाळी टांगतो. तू पुढचं बघ."

मी सेटबरोबर आलेली माहितीची पुस्तिका घरी घेऊन गेलो. इंग्रजीत होती. हळूहळू वाचून एवढं समजलं की पुढचे तीन बॉक्स ऐकणाऱ्याच्या समोर ठेवायचे आणि दोन पाठीमागं, तोंड आत करून. मशीनवर एक बटण होतं. ते दाबलेलं असलं की गाणाऱ्याचा आवाज समोरच्या मधल्या बॉक्समधून येतो, आणि मागच्या दोन्हींतून फक्त भोवतालचा नाद, वाद्यांचा झंकार. म्हणजे माणूस गाण्याच्या मधोमध बसल्यासारखा वाटतो. मला ते फार आवडलं. मालनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मदोमद बसून करायचं काय? जेवायला उठावं लागंल की."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात पोचलो तेव्हा निम्मं वऱ्हाड आलं होतं. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला गेला होता. मी मागच्या भिंतीकडं बघितलं. खिळे रिकामे. वायर मात्र भिंतीवरून वर जाऊन खिडकीतून बाहेर गेली होती.

मी बाहेर गेलो. खिडक्यांच्या वर, सुतळीनं घट्ट बांधून, दोन्ही बॉक्स टांगलेले. तोंड रस्त्याकडं. सूर्यभान शिडीवर उभा राहून शेवटची गाठ मारत होता.

"सूर्यभान, हे काय केलं?"

"कामून? ढिलं हाय का?"

"अरे, तोंड आत पाहिजे. माणसं आत बसणार."

त्यानं शिडीवरून माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही तरी खुळ्यासारखं बोललो. "पुढं तीन हायेत की आतल्यांना. पाचच्या पाच आत टांगल्यावर भाईर काय? ही मान्सं बग."

बाहेर माणसं होतीच. आमच्याकडं लग्नाला कार्यालय कितीही मोठं असलं तरी निम्मी माणसं बाहेरच उभी राहतात. जीपांचे ड्रायव्हर, शेडमधल्या भाकरी करणाऱ्या बाया, आत जाऊन बूट काढायचा कंटाळा असलेले पाहुणे, स्टँडवर एसटीची वाट बघणारे.

"त्या बॉक्समधून मंगलाष्टकं येणारच न्हाईत," मी म्हणालो. "नुसती सनई येईल."

"एकाच वायरीतून आवाज येतो, तो निम्मा कसा येईल?"

"येतो. पुस्तकात हाय."

"बरं बाबा. तुझं खरं," तो म्हणाला आणि सुतळी सोडायला लागला. एवढ्यात हलगीचा आवाज आला. नवरदेव परतला होता. घोडा थेट दारात, माणसं दोन्ही बाजूंनी आत घुसली, आणि शिडीखाली उभं राहायलाही जागा उरली नाही. बॉक्स तसेच राहिले. चेतन दारातून हात हलवत होता. "काका, चला, लॅपटॉपपाशी तुम्ही बसा. मला शुभांगीजवळ थांबावं लागणार."

मी आत गेलो. जाताना एवढं मनात आलं की चूक त्याची आहे आणि ती आज सगळ्या गावाला ऐकू येणार आहे.

चेतननं कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं होतं. अंतरपाट धरला, भटजींनी मान हलवली, आणि मी बोट टेकवलं. क्षणभर काही झालं नाही. मग सनई सुरू झाली आणि तिच्यातून मंगलाष्टक उठलं, इतकं स्पष्ट की पुढच्या बायांनी भटजींकडं बघितलं, त्यांनीच म्हटलं की काय. शब्द न् शब्द कळत होता. दोन्ही घराण्यांची नावं आली तेव्हा उत्तमरावांनी डोळे पुसले. "शुभमंगल सावधान" झालं आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. आमच्याकडं अक्षता रंगवलेल्या ज्वारीच्या असतात.

माझ्याकडं कुणी बघितलं नाही. चांगल्या आवाजाचं असंच असतं. तो कुठून येतो हे बघायला माणसाची मान वळत नाही. तरी मला वाटलं, आज जमलं.

दुसऱ्या मंगलाष्टकाच्या शेवटाला "सावधान" झालं, आणि त्यानंतर जराशानं बाहेरून मोठा हशा आला. तिसऱ्यालाही तसंच. मागच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. मीही बघितलं. खिडकीतून सूर्यभानचं डोकं आत आलेलं होतं, कान मंचाकडं. मंगलाष्टक संपत आलं की तो डोकं बाहेर काढायचा.

बाहेर काय झालं होतं ते मला नंतर कळलं. बॉक्समधून नुसती सनई येत होती. माणसं हातात अक्षता धरून उभी, आणि टाकायच्या कधी ते कळेना. एका भाकरीवालीनं विचारलं, "काय रं सूर्यभान, तुझ्या सपीकरची दातखीळ बसली का?" तो शिडीवरच होता. त्यानं खिडकीत डोकं घालून ऐकलं आणि बाहेर वळून स्वतःच्या गळ्यानं आरोळी दिली, "सावधाऽन". नवरानवरी तर भिंतीच्या आत. मग टाकायच्या कुणावर? लोकांनी सगळ्या अक्षता सूर्यभानवर टाकल्या.

पाचव्या मंगलाष्टकापासून आतली माणसं उठून बाहेर जायला लागली. आधी पोरं, मग मागच्या रांगेतले बापे, मग बायासुद्धा. माझ्या समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या आणि आवाज तर तसाच स्पष्ट येत होता. शेवटचं मंगलाष्टक झालं तेव्हा बाहेरचा गलका इतका होता की अंतरपाट कधी दूर झाला ते मागच्यांना कळलंच नाही.

पंगत बसली तेव्हा सूर्यभान आत आला. केसांत ज्वारी, मिशीत ज्वारी, सदऱ्याच्या खिशात ज्वारी. मी उत्तमरावांच्या मागं उभा होतो. आता त्याला बोलणी बसणार, असं मला वाटलं. मुलीच्या लग्नात हे काय चालवलं, असं कुणीही विचारलं असतं.

उत्तमराव म्हणाले, "काय रं, भाईर तुझं लगीन लागलं म्हनं?"

"लागलं भाऊ. नवरी म्हनून शिडी मिळाली. बोलत न्हाई, पन टेकू देती."

पंगतीत पाणी वाढणारा हातातलं भांडं खाली ठेवून हसला. नवरदेवाचा बापही हसत होता. तो म्हणाला, "आमच्या गावात एवढं मोठं लगीन झालं, पन भाईरच्या मान्साला कुनी इचारलं न्हवतं." झालं. उत्तमरावांनी तिथंच, सगळ्यांच्या देखत, सांगितलं की कार्यालयाचा सेट आता सूर्यभान बघील.

नंतर हात धुताना ते मला म्हणाले, "सहादेवा, तुझं काम बेस हाय. पन तू बोलत न्हाईस गड्या. लग्नाघरी बोलनारा मानूस लागतो."

मी म्हणालो, "व्हय भाऊ."

घरी आल्यावर मालनबाईनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, बॉक्स उलटे टांगले त्याला काम मिळालं. ती म्हणाली, "तुमचे सुलटे हुते, ते कुनाला दिसले का?"

त्यानंतर लगेच दुसरं लग्न आलं. सकाळीच सूर्यभान दुकानात हजर. "चल."

"कुठं?"

"कार्यालयात. मला त्या लाल-पांढऱ्यातलं कळत न्हाई."

"तुला दिलंय ना काम?"

"मला दिलंय. वाजवायचं तूच." मी स्क्रू फिरवत राहिलो. तो स्टुलावर बसला, दुकानातलं पाणी प्यायला, गिऱ्हाइकाशी त्याच्या बैलाबद्दल बोलला, आणि उठला नाही. शेवटी मी सदरा घातला. का घातला, हे मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी तो सेट हाताळावा हेही मला बघवलं नसतं बहुतेक.

तेव्हापासून कार्यालयातल्या प्रत्येक लग्नात आत मी आणि बाहेर तो. चेतननं जुना लॅपटॉप कार्यालयालाच देऊन टाकला होता. मी पिन लावायचो, बटण दाबायचो. बाहेरचे दोन बॉक्स त्यानं काही आत आणू दिले नाहीत. मग मीच सेटची पुस्तिका पुन्हा वाचली आणि मशीनवरचं दुसरं एक बटण शोधलं. त्यानं पाचही बॉक्समधून सगळा आवाज सारखा जायला लागला. आता बाहेर मंगलाष्टकं शब्दासकट ऐकू येत होती. सूर्यभानच्या आरोळीची काही गरज उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते बटण शोधताना माझ्या मनात तेही होतं.

काही फरक पडला नाही. माणसं बॉक्समधलं "सावधान" ऐकायची, हात आवरून धरायची आणि म्हणायची, "सूर्यभान, तू म्हन." त्यानं म्हटल्यावरच अक्षता टाकायची. कर्जत, श्रीगोंद्याकडचे पाहुणे विचारत यायचे, तो शिडीवाला हाय का इथं. मला कुणी विचारत यायचं नाही. एकदा एका नवरीच्या मामानं जाताना माझ्या हातात टॉवेल-टोपी दिली आणि म्हणाला, "सूर्यभानला द्या." मी दिली. त्यानं टोपी स्वतः घातली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. मी तो घरी नेला. वापरला नाही.

दीडेक वर्ष असं चाललं. एका हिवाळ्यात तो गावाकडं गेला आणि तिकडंच गेला. छातीत दुखलं, जीप मिळेपर्यंत संपला, असं कळलं.

दहाव्याला मी गेलो. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कुशीतलं गाव. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळं निम्म्या घरांना कुलपं. त्याचे भाऊ कारखान्यावरून तेवढ्यापुरते आले होते. त्याची आई, झुंबरबाई, ओट्यावर बसली होती. मी नाव सांगितलं तसं तिनं मला खालून वर बघितलं.

"तू व्हय त्यो सहादेव? तुझा लई राग करायचा त्यो."

"माझा?"

"व्हय. म्हनायचा, आई, त्यानं नुसता हात लावला की वाजतं. मी जलमभर आरडलो तरी मला त्यातलं कळायचं न्हाई. म्हनायचा, त्यो काय बोलत न्हाई, त्येला बोलायची गरजच न्हाई." मग म्हणाली, "शिकवायचं हुतं की त्येला थोडं."

"त्यानं कधी विचारलं न्हाई," मी म्हणालो.

"त्यो कसा इचारंल," ती म्हणाली.

सगळे रडत होते, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होते, आणि मी तिथं बसून पुन्हा पुन्हा तेच वाक्य मनात घोळवत होतो. माझा हेवा करणारा एक माणूस होता. बरं वाटलं. परतीच्या जीपमध्ये मात्र मी विचार करायला लागलो की त्याचा हेवा माझ्यापेक्षा जास्त करणारं दुसरं कुणी असेल का, आणि कुणी असेल हेही मला बरं वाटलं नाही.

कार्यालयाचं काम नंतर मला मिळालं. बाहेर कुणी आरोळी देत नाही. बॉक्स अजून बाहेरच आहेत, मी ते आत आणले नाहीत.

तो गावाकडं गेला त्या दिवशी आम्ही शेवटचे भेटलो. दुपारची वेळ, स्टँडवर पाथर्डीकडची जीप भरत होती आणि तो मागच्या दाराशी बसला होता, गुडघ्यावर पिशवी. मी दुकानातून बाहेर आलो होतो.

"परवाच्या लग्नाला मी न्हाई," तो म्हणाला. "तू बघ."

'एकट्यानं?' असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी एवढंच विचारलं, "किल्ली कुणाकडं हाय?"

"भाऊंकडं. कुलूप जरा वर उचलून लाव, न्हाईतर लागत न्हाई."

"बरं."

"आन जाताना पंखा बंद कर. मागच्या टायमाला तसाच राहिला हुता."

"करतो."

"मंग निघतो."

"हां," मी म्हणालो.